खिन्नतेची रक्तचाचणी : एका दाव्याची तपासणी

पीयूषिका ग्रंथी शिकवताना आपण एका राक्षसी उंचीच्या आणि एका बुटक्या माणसाचे उदाहरण देतो आणि पुढे सरकतो. या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा मनाशीही संबंध आहे, हे विद्यार्थ्याला कळतच नाही. लोकप्रिय लेखांत मात्र दुसरेच टोक दिसते : नैराश्य म्हणजे संप्रेरकांचा बिघाड, रक्त तपासले की निदान झाले! या विचाराचा गाजलेला नमुना म्हणून १९८१ चा एक शोधनिबंध पाहण्याजोगा आहे.

बर्नार्ड कॅरोल आणि सहकाऱ्यांनी तो 'आर्काइव्ह्ज ऑफ जनरल सायकिअ‍ॅट्री' या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला. मेलँकोलिया, म्हणजे तीव्र स्वरूपाची खिन्नता, ओळखणारी 'विशिष्ट' प्रयोगशालेय चाचणी सापडली, असा दावा शीर्षकातच होता.

कल्पना सुरेख होती. मेंदूतील अधश्चेतक पीयूषिकेला चालना देतो, पीयूषिका ए.सी.टी.एच. सोडते, त्यामुळे अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करते. कॉर्टिसॉल वाढले की तेच वरच्या दोघांना आवरते. टाकी भरल्यावर बॉलकॉक पाणी बंद करतो, तसे. रात्री १ मिलिग्रॅम डेक्झामेथॅसोन दिले, की पीयूषिका फसते, थांबते आणि दुसऱ्या दिवशी रक्तातील कॉर्टिसॉल कमी राहते. तीव्र खिन्नतेच्या पुष्कळ रुग्णांत मात्र ते कमी राहत नाही. हे निरीक्षण खरेच आहे. वाद आहे तो 'विशिष्ट' या शब्दाशी.

४३८ व्यक्तींच्या तपासणीतून निघालेले आकडे असे : आजार असलेल्या शंभरांपैकी ६७ जणांत चाचणी होकारार्थी, नसलेल्या शंभरांपैकी ९६ जणांत नकारार्थी. ९६ हा आकडा डोळे दिपवतो. पण वर्गात हे गणित घालून पाहा. हजार माणसे घ्या. त्यांतील वीस जणांना हा आजार आहे असे समजा. चाचणी त्यांतले सुमारे १३ पकडील. उरलेल्या ९८० पैकी शेकडा चार, म्हणजे ३९ जणांना आजार नसताना आजारी ठरवील. होकारार्थी ५२, त्यांत खरे १३! हेच हजार रुग्णालयातले असतील आणि निम्मे आजारी असतील, तर ३३५ खरे आणि २० खोटे. चाचणी तीच, पण जागा बदलली की तिची किंमत बदलते.

मला मात्र पहिल्या गणितातले सुटलेले सात जण अधिक खुपतात. "रिपोर्ट नॉर्मल आहे, उगीच रडू नकोस," हे ऐकण्याची पाळी त्यांच्यावर येणार.

पुढे वजन घटणे, स्मृतिभ्रंश, दारूचे व्यसन यांतही चाचणी होकारार्थी येते असे दिसले. १९८७ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीनेही तिचा उपयोग मर्यादित असल्याचे म्हटले.

गंमत अशी, की ही चाचणी आजही नेमाने वापरली जाते ती कुशिंगच्या विकारासाठी, म्हणजे बहुधा पीयूषिकेच्याच आजारासाठी. पीयूषिकेतील छोटी गाठ ए.सी.टी.एच. सोडतच राहते. चेहरा गोल होतो, रक्तदाब चढतो आणि सुमारे निम्म्या किंवा अधिक रुग्णांना नैराश्य येते. गाठ काढल्यावर मन बहुधा सावरते, पण पुरते सावरतेच असे नाही.

याउलट प्रकार आपल्या देशात विशेष ध्यानात ठेवावा. बाळंतपणात फार रक्त गेले, तर पीयूषिकेचा रक्तपुरवठा तुटून तिचा मोठा भाग मरू शकतो. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हे वर्णिले. अंगावर दूध येत नाही, पाळी परतत नाही, थंडी सोसत नाही, कशात मन लागत नाही. घरचे आळशी म्हणतात, दवाखान्यात कधी नैराश्याच्या गोळ्या मिळतात, आणि अशी वर्षे निघून जातात. येथे संप्रेरकांची रक्तचाचणी खरोखर उपयोगी पडते. उणी असलेली संप्रेरके गोळ्यांनी भरून काढता येतात. पण चाचणी सुचण्यासाठी आधी कोणीतरी त्या बाईला विचारावे लागते : बाळंतपणात रक्त किती गेले होते? दूध आले होते का?