नाभी, नथ आणि पुरातनाची साक्ष

हिऱ्याला पैलू पाडण्यावर ज्या सुरतेचे पोट भरते, तेथे अलंकाराचा प्रश्न सहसा किमतीचा असतो. नाभिवेधाचा, म्हणजे बेंबी टोचून तीत कडी अथवा खडा घालण्याचा प्रश्न मात्र औचित्याचा झाला आहे. एक पक्ष म्हणतो, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. दुसरा म्हणतो, ही तर आपलीच प्राचीन परंपरा होय. दोघांनीही साक्षीस पुकारले आहे ते पुरातनालाच. तेव्हा या साक्षीदाराची उलटतपासणी करणे अगत्याचे आहे.

नाभीचे माहात्म्य आपल्याकडे थोर आहे, यात संशय नाही. शेषशायी विष्णूच्या नाभिकमलातून ब्रह्मदेव प्रकटला. दीदारगंजच्या यक्षीच्या कमरेवर शिल्पकाराने मेखलेचे पदर कोरले आणि नाभी मोकळी ठेवली. परंतु त्या नाभीत अलंकार नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील १६ व्या अध्यायात वेध सांगितला आहे तो कानाचा: बालकाच्या सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, पाळीतील दैवकृत छिद्र सूर्यप्रकाशात पाहून, मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान प्रथम टोचावा. सोळा संस्कारांत स्थान मिळाले तेही कर्णवेधालाच. प्राचीन इजिप्तमध्ये नाभिवेध हे राजकुलाचे चिन्ह होते, ही कथा १९७० च्या दशकात डग मॅलॉय या टोपणनावाच्या अमेरिकन गृहस्थाने एका पत्रकात पसरविली. तिला आधार नाही. आजच्या प्रथेला मोठी चालना मिळाली ती १९९३ साली, एअरोस्मिथ या अमेरिकन वाद्यवृंदाच्या ‘क्रायिंग’ गीताच्या चित्रफितीने. दुसऱ्या पक्षाचा दावा येथेच निकालात निघतो.

मग परकी म्हणून ती त्याज्य ठरते काय? येथे नथ आडवी येते. डॉ. अ. स. आळतेकर यांनी १९३८ साली हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरील आपल्या ग्रंथात दाखविले की, प्राचीन शिल्पांत इतके अलंकार असूनही नाकातला एकही नाही. त्याच सुमारास पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा स्वतंत्र शोध घेतला. जी नथ आज आपण सौभाग्याचे लेणे मानतो आणि देवीच्या मुखावर भक्तिभावाने चढवितो, तीही आपल्या संस्कृतीत मागाहूनच आली. मागाहून आली म्हणून तिचे पावित्र्य उणावले नाही. पहिल्या पक्षाने याचे उत्तर द्यावयास हवे.

तात्पर्य, पुरातन कोणत्याही बाजूने साक्ष देत नाही. उरतात ते साधे प्रश्न. कानाची पाळी दीड-दोन महिन्यांत बरी होते. नाभीची जखम भरावयास सहा महिने, क्वचित वर्षही लागते. तेव्हा स्वच्छता व निष्णात हात यांविषयी वडीलधाऱ्यांनी अवश्य बोलावे. कान टोचताना तान्ह्या मुलाची संमती आपण कधी विचारली नाही. येथे तर सज्ञान मुलगी स्वतःच्या देहाविषयी स्वतः ठरवीत आहे. तिला ती कडी शोभत नाही, असे वाटल्यास तसे स्वतःच्या नावाने सांगावे. त्यासाठी पूर्वजांना खोट्या साक्षीस उभे करू नये.