निश्चितीकडून दुरुस्तीकडे : ईथरनेटच्या संकेतनाचा वाद

ईथरनेटविषयी लिहिताना वेगाच्या आकड्यांचीच मातबरी सांगण्याची रीत पडून गेली आहे. वस्तुतः या विद्येचा खरा इतिहास, शून्य आणि एक यांना तारेवर किंवा काचतंतूवर कोणत्या रूपाने धाडावे, या एकाच प्रश्नावर आयईईईच्या ८०२.३ समितीत पिढी-दरपिढी झडलेल्या वादांत साठवलेला आहे. तेथे तांत्रिक ठरावाला ७५ टक्के मते लागतात; त्यामुळे केवळ गणिताच्या बळावर कोणतीही तजवीज मंजूर होत नाही, तर जुन्या यंत्रसामग्रीत पैसा गुंतवून बसलेल्यांची तक्रार आणि नव्या चिपांवर भिस्त ठेवणाऱ्यांची उमेद, या दोहोंचाही निकाल लावावा लागतो.

घेणाऱ्या टोकाला घड्याळाची वेगळी तार मिळत नाही. सिग्नलच्या चढउतारांवरूनच त्याला ताल ओळखावा लागतो. दहा मेगाबिटच्या ईथरनेटने मँचेस्टर पद्धतीने प्रत्येक बिटाच्या मध्यावर चढ किंवा उतार घातला आणि त्यापायी तारेची निम्मी कुवत खर्ची घातली. १९८३ साली आयबीएममधील विडमर व फ्रानास्झेक यांनी प्रसिद्ध केलेला ८बी/१०बी संकेत याहून काटकसरी होता : आठ बिटांच्या जागी दहा बिट पाठवायचे, पण ते असे निवडलेले, की पाचांहून अधिक सारखे बिट सलग कधीच येऊ नयेत. १९९८च्या गिगाबिट ईथरनेटने काचतंतूसाठी हाच संकेत फायबर चॅनलकडून घेतला, आणि एका गिगाबिटासाठी १.२५ गिगाबॉडचा, म्हणजे सेकंदाला १.२५ अब्ज चिन्हांचा, भार बिनतक्रार सोसला.

दहा गिगाबिटच्या वेळी मात्र याच हिशेबाने १२.५ गिगाबॉड लागणार होते, आणि तेवढा वेग त्या काळच्या लेझरांना व चिपांना महाग पडणारा होता. रिक वॉकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेल्या ६४बी/६६बी संकेतात चौसष्ट बिटांमागे दोनच बिट जादा. ते ०१ असले तर पुढे निव्वळ माहिती, १० असले तर नियंत्रणाचा मजकूर, आणि बाकीचे सारे बिट स्क्रॅम्बलरने विस्कटलेले. भार १०.३१२५ गिगाबॉडवर आला. पण जिथे पूर्वी दर काही बिटांमागे चढउताराची हमी होती, तिथे आता ती सहासष्ट बिटांमागे एकदाच उरली, आणि एरवी संभाव्यतेचाच भरवसा. २००२ साली हा संकेत मंजूर झाला, तरी त्याच दस्तऐवजात चिपांमधील चार पदरी जोडणीसाठी ८बी/१०बी कायम राहिला.

पुढचा वाद अधिक बोधप्रद आहे. २०१४ साली शंभर गिगाबिटच्या बॅकप्लेनसाठी, म्हणजे यंत्राच्या आतील पाट्यांच्या जोडणीसाठी, दोन परस्परविरोधी पद्धती एकाच वेळी संमत झाल्या : एक दोन पातळ्यांची, दुसरी चार पातळ्यांची, म्हणजे पॅम-४. बाजाराने पहिलीला पसंती दिली. परंतु दुसरीसाठी रचलेला रीड-सॉलोमन (५४४, ५१४) हा दोषनिवारक संकेत टिकला, आणि २०१७च्या चारशे गिगाबिट ईथरनेटमध्ये पॅम-४ला बरोबर घेऊन परतला. चार पातळ्यांमुळे प्रत्येक चिन्हात दोन बिट मावतात. मात्र दोन पातळ्यांमधील अंतर एकतृतीयांश होते आणि सुमारे ९.५ डेसिबलचे नुकसान पदरी पडते. तेव्हा चुका होणारच, हे गृहीत धरून त्या नंतर दुरुस्त कराव्यात, असा करारच येथे झाला आहे : प्रत्येक खंडात दहा बिटांची ५४४ चिन्हे, आणि त्यांपैकी पंधरांपर्यंत बिघडली तरी मूळ मजकूर परत मिळतो.

या कराराची किंमत विलंबात मोजावी लागते. शंभर गिगाबिटला असा एक खंड गोळा होण्यासच पन्नासहून अधिक नॅनोसेकंद लागतात. तीन मीटरची तांब्याची तार मात्र सिग्नल सुमारे पंधरा नॅनोसेकंदांत ओलांडतो. दहा किलोमीटरच्या काचतंतूला हा विलंब नगण्य, तर एकाच कपाटातील दोन यंत्रांना तो तारेहून भारी. एकच चिप कोणत्याही मोड्यूलशी जुळावी, हा एकच संकेत ठेवण्यामागचा युक्तिवाद सबळ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु यंत्राच्या आतील जोडण्यांसाठीच्या, २०२२च्या पीसीआय एक्सप्रेस ६.० ने पॅम-४ स्वीकारूनही हलका दोषनिवारक संकेत घेतला, आणि त्यातून निसटलेल्या चुकांसाठी मजकूर पुन्हा पाठवण्याची मुभा ठेवली. जवळच्या अंतराचा हिशेब वेगळा असतो, हे त्या कर्त्यांनी ओळखले.

निश्चितीचा आग्रह सोडून दुरुस्तीचा मार्ग धरण्यात ईथरनेटने चूक केली नाही. त्यावाचून चारशे गिगाबिटचा पल्ला गाठताच आला नसता. मात्र हाताएवढ्या तारेला आणि दहा किलोमीटरच्या काचतंतूला एकाच मापाचा संकेत लावणे, ही एकरूपतेच्या मोहापायी केलेली उधळपट्टी आहे, आणि दोनशे गिगाबिटच्या पदरासाठी पुन्हा पॅम-४चाच आश्रय घेणाऱ्या समितीने निदान कमी अंतरांपुरती तरी ती थांबवावी.