फाइल नाही, तक्रारही नाही

तापमान किती ठेवायचे, नोंद दर किती मिनिटांनी घ्यायची, असे तपशील आज्ञावलीत न लिहिता वेगळ्या फाइलीत ठेवतात. ती वाचायला पायथॉन भाषेत 'कॉन्फिगपार्सर' हे साधन आहे. २०११ च्या ३.२ ह्या आवृत्तीपासून ते सुटसुटीत झाले. कोशात शब्द पाहावा तसे विभागाचे व नोंदीचे नाव द्यायचे, की मूल्य हाती येते.

हे रूप आम्हांला आवडते. पण हाती येते ती नेहमी अक्षरांची माळ. फाइलीत 'फॉल्स' लिहिलेले असले, तरी ती माळ 'बूल'ला दिली की उत्तर 'ट्रू' येते! माळ रिकामी नाही, एवढेच ते पाहते. ह्यासाठी 'गेटबूलियन' आहे, पण ते ठाऊक असायला हवे.

त्याहून खटकते ते 'रीड'. फाइल सापडली नाही तरी ते गप्प राहते. वाचता आलेल्या फाइलींची यादी तेवढी परत देते. फाइल अनेक ठिकाणी शोधता यावी, हा त्यामागचा हेतू. ठीक आहे, पण ती यादी तपासतो कोण? आम्हीही तपासली नव्हती. आज्ञावलीत 'फॉलबॅक' म्हणून २५ अंश लिहिलेले होते, फाइलीत ३७. फाइलीच्या नावात एक अक्षर चुकले आणि उष्मापेटी रात्रभर २५ वर निमूट चालली. सकाळी सगळे नमुने टाकून द्यावे लागले.

२०२२ च्या ३.११ मध्ये आलेल्या 'टॉमलिब'मध्ये फाइल आधी आपणच उघडायची असते. ती नसेल तर काम तिथेच थांबते. संख्या, अक्षरे आणि खरे-खोटे ह्यांतला फरकही फाइलीतच दिसतो. 'टॉमलिब'ला फाइल लिहिता मात्र येत नाही. ती गैरसोय आम्ही सोसू.