टेकडीवरचा निवेदक आणि ‘जागा’ होणारा माणूस

अलिबागजवळच्या नागावात ‘वाडी’ म्हणजे नारळी-पोफळीची बाग. त्याच रायगड जिल्ह्याच्या डोंगरउतारांवर ‘वाडी’ म्हणजे कातकऱ्यांची वस्ती. या दोन अर्थांमधील सामाजिक अंतर हाच मराठीतील सेवापर लेखनाचा मूळ विषय होय. ख्रिस्ती धर्मप्रचारकासाठी रूढ झालेला ‘मिशनरी’ हा शब्द मराठीत पुढे धर्मनिरपेक्ष सेवावृत्तीलाही लावला गेला. त्याबरोबर कथनाचा एक साचाही स्थिरावला: सुशिक्षित व्यक्ती डोंगरात जाते, हालअपेष्टा सोसते आणि तेथील माणसांचे जीवन पालटते. या साच्यात कर्ता कोण, हा प्रश्न समीक्षेने गांभीर्याने विचारला पाहिजे.

अनुताई वाघ यांच्या ‘कोसबादच्या टेकडीवरून’ या आत्मकथनाचे शीर्षक निवेदकाची जागा सांगते. दृष्टी टेकडीवरून खाली वळते. परंतु ताराबाई मोडक आणि अनुताई यांचा कुरणशाळेचा प्रयोग नेमका याविरुद्ध दिशेचा आहे. आदिवासी मुले गुरे राखायला जातात, म्हणून शाळाच कुरणावर गेली. येथे संस्थेला मुलांकडून शिकावे लागले. कार्याची ही दिशा आणि शीर्षकाची दिशा यांतील ताण या आत्मकथनाच्या वाचनात केंद्रस्थानी यायला हवा.

गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीतील सेवाकार्याकडून किसान सभेकडे झालेला लेखिकेचा प्रवास मिशनरी साच्याला छेद देणारा आहे. वारल्यांना येथे दया नव्हे, तर वेठ आणि लग्नगडीच्या गुलामीतून सुटका हवी आहे. शीर्षकाचा कर्ताही ‘माणूस’च आहे. तरीही ‘जागा होतो’ या क्रियापदात आधीची झोप गृहीत धरलेली असते. वेठीचा अर्थ वारल्यांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती. १९४५ च्या ऑक्टोबरात तलवाड्याला झालेल्या गोळीबाराची किंमतही त्यांनीच मोजली. तेव्हा झोप नेमकी कोणाची मोडली? वारल्यांची, की त्यांच्या दास्याकडे पाठ फिरवलेल्या मराठी वाचकाची?

यावरून हे लेखन परकायाप्रवेशाचा दंभ ठरवून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. वेठीचे वास्तव मराठी साहित्यात आणण्याचे श्रेय त्याला द्यावेच लागते. मात्र साक्षीदाराची साक्ष म्हणजे भोगणाऱ्याचे आत्मकथन नव्हे. चळवळीतूनच घडलेल्या वाहरू सोनवणे या भिल्ल कवीचा ‘गोधड’ (१९८७) हा संग्रह आला, तेव्हा प्रतिनिधित्वाचा हा प्रश्न आदिवासींच्या बाजूने उभा राहिला. सेवापर लेखनाचे मूल्यमापन यापुढे त्यागाच्या मापाने करून भागणार नाही. निवेदकाच्या आवाजाखाली दुसरा आवाज ऐकू येतो का, आणि तो आला की निवेदक थांबतो का, हाच त्याचा निकष असला पाहिजे.