फळ्यावरचे उत्तर आणि मुक्ताचा निबंध

जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला. आपण त्याचा गौरव करतो. परंतु अध्यापनाचा धडा म्हणून तो कोणी वाचत नाही, ही माझी तक्रार आहे. वेदांवरचा ब्राह्मणांचा हक्क, पेशवाईतील जुलूम, छपराविना बाळंत होणाऱ्या बायांचे हाल हे सारे तिने एकाच युक्तिवादात बांधले. धर्म, इतिहास, आरोग्य असे वेगळे तास तिच्या लेखणीने मानले नाहीत.

आज आमच्या मुलांना फळ्यावरचे उत्तर उतरवायला आणि गाईड पाठ करायला लावले जाते. अक्षर सुधारते, आकलन होत नाही. माझ्या मते लिहायला शिकवणे हे एकट्या मराठीच्या शिक्षकाचे काम नव्हे. इतिहासाचा धडा वाचून झाल्यावर, यात कोणाचे श्रम गाळले आहेत, हे मुलांना शोधायला सांगावे. भूगोलात आपल्या वस्तीच्या पाण्याविषयी पाच वाक्ये लिहवून घ्यावीत. विज्ञानाचा प्रयोग का फसला, हे आधी घरच्या बोलीत, मग प्रमाण मराठीत मांडू द्यावे. पहिल्याच ओळीत बोलीवर लाल रेघ ओढली, तर ते मूल पुन्हा फळ्याकडेच पाहील.