पाहुण्याचा वाघ : माधवरावांचं शिकार-पुस्तक वाचताना

माधवराव शिंदे यांचं ‘अ गाइड टु टायगर शूटिंग’ (१९२०) आपल्या ग्वाल्हेरात राजाची हौस म्हणून वाचलं जातं. मला ते यजमानाचं पुस्तक वाटतं. मचाण, हाका, आमिष, सगळी तयारी यजमानाची. पाहुण्याने फक्त नेम धरायचा. पण या व्यवस्थेमागे अख्खं संस्थान उभं होतं, हे वाचताना विसरायला होतं. व्हाइसरॉयच्या वाघाला अकरा इंची फुटाची टेप लावत, ही आख्यायिका आपण हसत सांगतो. पाहुणा नाराज होता कामा नये, हेच तिचं सार.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशाच्या जंगलांत शिकार-कंपन्या आल्या. गिऱ्हाईक पैसे भरायचं दिवसांचे, अपेक्षा मात्र संस्थानी वाघाची! मग तक्रारी होणारच. अशी तक्रार वाचली की मी आधी पाहतो, करारात काय विकलं होतं : दिवस की वाघ?

१९७० साली वाघाची शिकार बंद झाली, १९७२ साली कायदा आला. खोड मात्र राहिली. मध्यंतरी एका जीपवाल्याने ‘वाघ पक्का’ म्हणून मलाही नेलं, दिसले मोर. चिडलो. नंतर वाटलं, ‘पक्का’ शब्दावर भुललो तो मीच ना? पुस्तक जरूर वाचा, पण यजमानाचा खर्च मनात धरून.