किशोरवयीनांचे मोबाईल बँकिंग आणि आर्थिक साक्षरता : एक चिकित्सा

नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत; त्याच शहरातील अकरावीचा विद्यार्थी मात्र चहाचे पैसेही मोबाईलवरून देतो. या सफाईलाच आर्थिक साक्षरता मानणे ही प्रचलित चर्चेतील मूलभूत गफलत होय. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार दहा वर्षे पूर्ण झालेल्या अल्पवयीनांना बचत खाते स्वतंत्रपणे चालविता येते. रकमेची मर्यादा व इंटरनेट बँकिंगची सुविधा ठरविणे बँकांवर सोपविले आहे. शिलकीबाहेर उचल मिळणार नाही, अशी दक्षताही त्यात आहे. परंतु हे संरक्षण कर्जापासूनचे आहे, फसवणुकीपासूनचे नव्हे. भारतीय करार कायदा, १८७२ अल्पवयीनास करारास सक्षम मानीत नाही, हे खरे; तथापि स्वतःच पिन टाकून भामट्याच्या खात्यात पाठविलेली रक्कम तेवढ्याने परत येत नाही. पैसे स्वीकारण्यासाठी पिन लागत नाही, हे ज्ञान चक्रवाढ व्याजाच्या सूत्राहून कमी महत्त्वाचे कसे मानावे? 'पालकांनी लक्ष द्यावे' हा नेहमीचा उपायही तोकडाच आहे. राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राच्या २०१९ च्या सर्वेक्षणात प्रौढांपैकी केवळ २७ टक्के आर्थिकदृष्ट्या साक्षर आढळले होते.